प्रतिजैविकांचे नॅनोवहन

प्रतिजैविकांचे नॅनोवहन म्हणजे प्रतिजैविक औषधाचे रेणू अतिसूक्ष्म कणांत भरून किंवा त्यांच्या पृष्ठभागाला जोडून शरीरातील संसर्गाच्या जागेपर्यंत पोहोचवण्याची पद्धत होय. या कणांचा आकार साधारणपणे १० ते काहीशे नॅनोमीटर असतो. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते, तर आतड्यात आढळणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूची लांबी सुमारे २,००० नॅनोमीटर असते. औषध वाहून नेणारा कण अशा रीतीने जीवाणूपेक्षाही बराच लहान असतो. या पद्धतीत सहसा नवे औषध शोधले जात नाही. जुन्याच औषधाचा प्रवास बदलला जातो.

या तंत्राने बनवलेल्या औषधांपैकी भारतात सर्वाधिक परिचित झालेले औषध म्हणजे लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी. २०२१ साली म्युकरमायकोसिसच्या साथीत त्याचे नाव घरोघरी पोहोचले. त्या वेळी देशात हे औषध बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांपैकी भारत सिरम्स अँड व्हॅक्सिन्स या कंपनीचा कारखाना ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथच्या अतिरिक्त औद्योगिक वसाहतीत आहे. अँफोटेरिसिन-बी हे बुरशीविरुद्ध वापरले जाते, जीवाणूंविरुद्ध नव्हे. मात्र मातीतील एका जीवाणूपासून मिळणारे ते प्रतिजैविकच आहे, आणि त्याच्या बाबतीत जे साधले तेच जीवाणूंच्या चिवट संसर्गात साधण्याचा प्रयत्न जगभर चालू आहे.

पार्श्वभूमी

प्रतिजैविक निष्प्रभ ठरण्याचे सर्वपरिचित कारण म्हणजे प्रतिरोध. जीवाणूच्या जनुकांत बदल होऊन तो औषध तोडणारे विकर तयार करतो, औषध बाहेर फेकतो किंवा औषध जेथे चिकटते ती जागाच बदलून टाकतो. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधी जीवाणूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

परंतु प्रतिरोध हे एकमेव कारण नाही. अनेकदा जीवाणू औषधाला बळी पडण्यासारखा असतो, पण औषध त्याच्यापर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचतच नाही. क्षयरोगाचा जीवाणू फुप्फुसातील भक्षकपेशींच्या पोटात शिरून तेथेच राहतो. ज्या पेशींनी त्याला खाऊन संपवायचे, त्यांनाच तो घर करतो. रक्तातील औषधाला मग फुप्फुसाची ऊती, भक्षकपेशीचे पटल आणि पेशीच्या आतील पोकळीचे पटल अशा अनेक भिंती ओलांडाव्या लागतात. मूत्रमार्गातील नळी, कृत्रिम सांधा किंवा जुनाट जखम यांवर काही जीवाणू चिकट थर तयार करतात. या थराला जैवपटल म्हणतात. त्याच्या आतील जीवाणू मंद गतीने जगतात, आणि वाढणाऱ्या पेशींवरच मारा करणारी औषधे त्यांना फारशी बाधत नाहीत. ग्रॅम-ऋण जीवाणूंना आणखी एक बाह्य पटल असते व त्यातील छिद्रे इतकी अरुंद असतात की मोठे रेणू आत जाऊ शकत नाहीत.

अशा वेळी डॉक्टर औषधाची मात्रा वाढवतात किंवा उपचाराचा कालावधी लांबवतात. पण मात्रा वाढवली की औषध जीवाणूपर्यंत पोहोचण्याआधी मूत्रपिंड, यकृत किंवा कानाची श्रवणशक्ती यांना इजा करू लागते. नॅनोवहनाचा सारा खटाटोप या पेचातून सुटण्यासाठी आहे.

वाहक कणांचे प्रकार

सर्वांत जुना व सर्वांत यशस्वी वाहक म्हणजे लायपोसोम. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात केंब्रिजजवळील बॅब्रॅहम येथे दाखवून दिले, की फॉस्फोलिपिड हे मेद पाण्यात मिसळले असता त्यांचे आपोआप बंदिस्त फुगे तयार होतात. फुग्याची भिंत पेशीपटलाप्रमाणेच मेदाच्या दुहेरी थराची असते. पाण्यात विरघळणारे औषध फुग्याच्या पोटात राहते, तर मेदात विरघळणारे औषध भिंतीतच रुतून बसते.

शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या बहुवारिकांचे कण हा दुसरा प्रकार. लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांपासून बनणारे बहुवारिक त्यासाठी विशेष वापरले जाते. शस्त्रक्रियेत टाके घालण्याचा विरघळणारा धागा याच कुळातील असल्याने शरीर ते सहन करते, हे आधीच माहीत होते. समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट आणि कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान यांचेही कण बनवतात. चांदीसारख्या धातूंच्या कणांची गोष्ट वेगळी आहे. ते औषधाचे वाहक असण्यापेक्षा स्वतःच जीवाणूनाशक असतात.

कार्यपद्धती

लोकप्रिय लिखाणात नॅनोकणांचे वर्णन नेमका वेध घेणाऱ्या क्षेपणास्त्रासारखे केले जाते. ते दिशाभूल करणारे आहे. शिरेतून दिलेले बहुतेक कण कोणाचाही शोध घेत नाहीत. शरीर त्यांना परकी धूळ समजते, आणि यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा व फुप्फुस येथील भक्षकपेशी त्यांना गिळून टाकतात. कर्करोगाच्या औषधांमध्ये ही मोठी अडचण ठरते. संसर्गाच्या बाबतीत मात्र हीच अडचण कामी येते, कारण क्षयरोग, काला आजार, विषमज्वर व ब्रुसेलोसिस यांचे जंतू नेमके याच भक्षकपेशींत लपलेले असतात. कण गिळला जातो, पेशीत त्याची भिंत सुटते आणि औषध जंतूच्या शेजारी मोकळे होते.

दुसरा लाभ काळाचा आहे. कणातून औषध हळूहळू पाझरत असल्याने रक्तातील त्याचे प्रमाण एकदम शिखर गाठत नाही व लगेच घसरतही नाही. विषारी परिणाम बहुधा शिखराच्या वेळी होतात, तर प्रतिरोधी जीवाणूंना संधी मिळते ती प्रमाण घसरलेल्या काळात. तिसरा लाभ जैवपटलाच्या संदर्भातील आहे. धनभारित प्रतिजैविके जैवपटलाच्या ऋणभारित चिकट द्रव्यातच अडकून पडतात. भाररहित लायपोसोममध्ये बंद केलेले औषध या द्रव्यातून तुलनेने सहज आत जाते. ॲमिकेसिन या औषधाच्या श्वासावाटे घ्यावयाच्या लायपोसोम-रूपामागे हेच तत्त्व आहे. मायकोबॅक्टेरियम एव्हियम गटाच्या जीवाणूंमुळे होणाऱ्या हट्टी फुप्फुसरोगासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये त्याला मर्यादित मान्यता दिली. ज्या रुग्णांवर आधीचे उपचार निष्फळ ठरले होते त्यांच्यावरील चाचणीत, नेहमीच्या उपचारासोबत हे औषध घेणाऱ्यांपैकी २९ टक्के रुग्णांची थुंकी सहा महिन्यांत जंतुमुक्त झाली. केवळ नेहमीचा उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ९ टक्के होते. तिपटीहून अधिक यश असले तरी दहापैकी सात रुग्णांना त्याचाही उपयोग झाला नाही, हे या आकड्यांसोबतच वाचावे लागते.

लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी

अँफोटेरिसिन-बी हे स्ट्रेप्टोमायसीस नोडोसस या जीवाणूपासून मिळते. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतून हा जीवाणू १९५०च्या दशकात वेगळा करण्यात आला. बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल या घटकाला औषध चिकटते, पटल झिरपू लागते व बुरशी मरते. माणसाच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉलऐवजी कोलेस्टेरॉल असते. दोन्ही रेणूंत साम्य बरेच असल्याने औषध थोड्या प्रमाणात माणसाच्या पेशींनाही चिकटते. साधे अँफोटेरिसिन-बी शिरेतून सुरू करताच रुग्णाला हुडहुडी भरून ताप येतो. काही दिवसांत रक्तातील पोटॅशियम घटते व मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. जीव वाचवणारे दुसरे औषध नसल्याने डॉक्टर ते देत राहिले.

याच कुळातील एक प्रतिजैविक महाराष्ट्रातही सापडले होते. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीत एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ज्या जीवाणूपासून ते मिळाले त्याला पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना असे नाव देण्यात आले.

अँफोटेरिसिन-बी लायपोसोमच्या भिंतीत बसवल्यावर चित्र पालटले. १०० नॅनोमीटरहून लहान असलेले हे फुगे रक्तात बहुतांशी अखंड राहतात आणि बुरशीच्या पेशीला भिडल्यावर औषध सोडतात. मूत्रपिंडांच्या वाट्याला मोकळे औषध फार थोडे येते. साध्या औषधाची मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोला सुमारे १ मिलिग्रॅमच्या आसपास थांबवावी लागते, तर लायपोसोम-रूपात ती ५ मिलिग्रॅमपर्यंत व प्रसंगी त्याहून अधिक देता येते. युरोपात असे पहिले औषध १९९० साली व अमेरिकेत १९९७ साली विक्रीस आले.

परदेशी औषधाची किंमत भारतीय रुग्णालयांच्या आवाक्याबाहेरची होती. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरातील जीवरसायनशास्त्रज्ञ बिमल कुमार बच्छावत आणि मुंबईतील परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील औषधशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी मिळून या औषधाचे भारतीय लायपोसोम-रूप तयार केले व रुग्णांवर त्याच्या चाचण्या घेतल्या. पुढे ते ‘फंगिसोम’ या नावाने बाजारात आले. शिरेतून देण्यापूर्वी ते ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवून त्यातील फुगे लहान करून घ्यावे लागतात. रुग्णालयाच्या दृष्टीने हे काम गैरसोयीचे असले, तरी महापालिकेच्या रुग्णालयात उभे राहिलेले हे संशोधन नॅनोऔषधांच्या भारतीय इतिहासातील आरंभीचे ठळक काम मानावे लागेल.

लायपोसोमचे खरे सामर्थ्य बिहारमध्ये दिसले. काला आजाराचा परजीवी प्लीहा व यकृतातील भक्षकपेशींत राहतो, म्हणजे लायपोसोम जेथे आपोआप जातो तेथेच. श्याम सुंदर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुझफ्फरपूर येथे केलेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लायपोसोमल औषधाची एकच मात्रा घेतलेले सुमारे ९६ टक्के रुग्ण सहा महिन्यांनंतर रोगमुक्त होते. साध्या औषधाने तेवढेच यश मिळवण्यासाठी जवळजवळ एक महिना, दिवसाआड, १५ वेळा शिरेतून औषध द्यावे लागले.

अंबरनाथ आणि २०२१ची साथ

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही एकमेकांना लागून असलेली शहरे आहेत. अंबरनाथची जुनी ओळख शके ९८२चा शिलालेख असलेल्या शिवमंदिराची, त्यानंतरची विमको आगपेटी कारखान्याची व आयुध निर्माणीची. औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमुळे अंबरनाथ व बदलापूर येथे रसायने व औषधे बनवणारे अनेक कारखाने आले. सर्पविषावरील लस व इतर जैविक औषधांसाठी ओळखली जाणारी भारत सिरम्स ही त्यांपैकी एक कंपनी. अँफोटेरिसिन-बीच्या साध्या रूपाबरोबरच मेदयुक्त इमल्शन व लायपोसोम ही रूपेही तिने विकसित केली. २०२४ मध्ये मॅनकाइंड फार्मा या कंपनीने ती विकत घेतली.

कोविडच्या दुसऱ्या लाटेपूर्वी या औषधाची देशातील मागणी मर्यादित होती. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत म्युकरमायकोसिसचे रुग्ण झपाट्याने वाढले. अनियंत्रित मधुमेह आणि कोविडसाठी दिलेली स्टिरॉइडे ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. ही बुरशी नाकातून सायनस, डोळा व मेंदूकडे सरकते. कुजलेला भाग शस्त्रक्रियेने काढून टाकणे आणि अँफोटेरिसिन-बी देणे हाच मुख्य उपचार आहे. औषधाला उशीर झाला तर डोळा किंवा वरचा जबडा काढावा लागतो. केंद्र सरकारने २६ मे २०२१ रोजी दिलेल्या आकडेवारीनुसार देशात ११,७१७ रुग्ण होते. त्यांपैकी गुजरातेत २,८५९ व महाराष्ट्रात २,७७० रुग्ण होते.

टंचाई किती तीव्र असणार याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. ६० किलो वजनाच्या रुग्णाला दर किलोला ५ मिलिग्रॅम या दराने रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या लागतात, आणि उपचार अनेक आठवडे चालतो. एका कुपीचा दर त्या वेळी सुमारे ७,००० रुपये सांगितला जात होता. त्या हिशेबाने एका दिवसाचे औषधच ४२,००० रुपयांचे होते. महाराष्ट्र शासनाने या आजाराचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केला. औषधाचे वाटप राज्यांना केंद्राकडून कोट्याने होऊ लागले. जून २०२१ मध्ये त्यावरील वस्तू व सेवा कर शून्यावर आणण्यात आला.

उत्पादन एका रात्रीत वाढवता येत नव्हते, याचे कारण लायपोसोमच्या घडणीत आहे. औषधाचा मूळ पदार्थ हाती असला तरी त्याला अतिशुद्ध मेद लागतात, आणि ते जगात थोडेच उत्पादक बनवतात. महाराष्ट्रात व्हीएव्ही लाइफ सायन्सेस ही मुंबईची कंपनी रत्नागिरी येथे असे मेद तयार करते. मेद, कोलेस्टेरॉल व औषध यांचे मिश्रण करून फुगे एकाच आकाराचे होईपर्यंत प्रचंड दाबाखाली दळावे लागतात. उष्णतेने निर्जंतुक केल्यास फुगे फुटतात, म्हणून ०.२२ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून ते गाळले जातात. नंतर गोठवून वाळवलेली भुकटी कुपीत भरतात. प्रत्येक घाण्याची निर्जंतुकता तपासण्यातच काही दिवस जातात. मे २०२१ मध्ये केंद्राने आणखी पाच कंपन्यांना उत्पादनाचा परवाना दिला. त्यांत पुण्याची एमक्युअर होती. त्याच महिन्यात वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने या औषधाच्या इमल्शन-रूपाचे उत्पादन सुरू केले व त्याची किंमत १,२०० रुपये जाहीर झाली.

क्षयरोग

क्षयरोगाच्या उपचारात नॅनोवहनाला सर्वाधिक वाव आहे, आणि मुंबई परिसराला त्याची निकड अधिक आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी डिसेंबर २०११ मध्ये, तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ‘संपूर्ण औषधप्रतिरोधी’ या शब्दप्रयोगावर केंद्र सरकारने आक्षेप घेतला, परंतु या नोंदीनंतर शहरातील निदान व उपचारांच्या सोयी वाढवण्याला गती मिळाली.

साध्या क्षयरोगातही सहा महिने औषध घ्यावे लागते. बरे वाटू लागले की गोळ्या सुटतात, आणि अर्धवट उपचारातून प्रतिरोधी जंतू उरतात. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील जी. के. खुल्लर व राजेश पांडे यांनी रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड व पायराझिनामाइड ही औषधे बहुवारिकाच्या नॅनोकणांत भरून उंदरांना तोंडावाटे दिली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दर दहा दिवसांनी एक अशा केवळ पाच मात्रांनंतर उंदरांच्या अवयवांत क्षयाचे जंतू आढळले नाहीत. रोजच्या गोळीऐवजी दहा दिवसांतून एकदा गोळी, ही कल्पना क्षयरोग कार्यक्रमात काम करणाऱ्या कोणालाही मोहात पाडणारी आहे. तरीही नॅनोकणांत भरलेली क्षयरोगाची गोळी भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आलेली नाही. प्रतिरोधी क्षयरोगाचा उपचार दरम्यान दुसऱ्याच वाटेने आखूड झाला. बेडाक्विलिन व प्रेटोमॅनिड यांसारख्या नव्या औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारपद्धतीला केंद्राने २०२४ मध्ये मान्यता दिली.

चांदीचे नॅनोकण

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर, ज्युतिका राजवाडे व सहकाऱ्यांनी चांदीच्या नॅनोकणांचे त्वचेवर लावण्याचे जेल विकसित केले. त्यावरील शोधनिबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. भाजलेल्या जखमांवर चांदीची संयुगे पूर्वीपासून वापरली जात होती. नॅनोकणांच्या रूपात चांदीची बरीच कमी मात्रा पुरते, हा या कामाचा मुख्य दावा होता. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सास्त्री यांच्या गटाने बुरशी व वनस्पतींच्या अर्काच्या साहाय्याने धातूंचे नॅनोकण तयार करण्याच्या पद्धती २००० नंतरच्या वर्षांत मांडल्या. त्यानंतर तुळस, कडुनिंब यांपासून हळदीपर्यंत हाती येईल त्या वनस्पतीच्या अर्कातून चांदीचे कण बनवून काचेच्या बशीत जीवाणू मारल्याचे शोधनिबंध विपुल प्रमाणात निघाले. त्यांतील फारच थोडे प्राण्यांवरील प्रयोगापर्यंत गेले. शिवाय चांदीलाही जीवाणू प्रतिरोध करू शकतात, आणि त्वचेखेरीज अन्यत्र साचणारी चांदी माणसाला निरुपद्रवी नाही.

अडचणी

प्रयोगशाळेत बनवलेला कण आणि कारखान्यात बनणारे औषध यांत मोठे अंतर असते. कणांचा आकार प्रत्येक घाण्यात सारखा राहावा लागतो. आकार थोडा बदलला तरी तो शरीरात कोठे जाईल हे बदलते. त्यामुळे मूळ औषधाची हुबेहूब स्वस्त आवृत्ती काढणे साध्या गोळीइतके सोपे नाही, आणि नियामक संस्था रासायनिक सारखेपणावर समाधान मानत नाहीत. अनेक लायपोसोम-औषधे थंड जागी ठेवावी लागतात. प्रतिजैविके कंपन्यांना फारसा नफा देत नसल्याने एवढा खर्च करण्यास गुंतवणूकदार नाखूश असतात. लायपोसोममुळे औषध जीवाणूपर्यंत पोहोचते, पण औषधाची लक्ष्यजागाच बदललेल्या जीवाणूवर त्याचा उपयोग होत नाही.

औषधनिर्मितीच्या सांडपाण्याचा प्रश्नही या विषयापासून वेगळा काढता येत नाही. प्रतिजैविकांचे अवशेष पाण्यात गेले तर तेथील जीवाणू प्रतिरोध शिकतात व ती जनुके रोगकारक जीवाणूंकडे जाऊ शकतात. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अवशेषांवर मर्यादा घालणारा मसुदा प्रसिद्ध केला होता. २०२१च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा वगळण्यात आल्या. अंबरनाथच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी नदी अंबरनाथ व उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हास नदीच्या खाडीला मिळते. औद्योगिक व घरगुती सांडपाण्यामुळे होणाऱ्या या दोन्ही नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती.